पोलो किती खाली बसवावी? २५, ३० की ४० मिमी

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझी २०१४ ची पोलो जीटी टीएसआय आहे, ९२ हजार किलोमीटर झालेत. गाडीवर माझा फार जीव आहे, त्यामुळे घाईत काही करायचं नाही म्हणून इथे विचारतोय.

पुढच्या चाकाच्या आणि मडगार्डच्या कमानीमधल्या जागेत माझी चार बोटं आरामात जातात. बाजूने पाहिलं की गाडी टाचा उंचावून उभी असल्यासारखी वाटते. हे मला पहिल्या दिवसापासून खुपतंय. शिवाय आंबोलीच्या वळणांवर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते. म्हणून लोअरिंग स्प्रिंग टाकायच्या आहेत. विक्रेत्याकडे २५, ३० आणि ४० मिमी असे तीन पर्याय आहेत, आणि बजेट ताणलं तर कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच.

वापर असा: रोज कोल्हापूर शहरात, महिन्यातून दोनदा पुणे, आणि दर शनिवारी गारगोटीच्या पुढे गावी. गावी जाताना आई, बायको, मुलगी आणि डिकीत सामान. परतताना तांदळाचं एखादं पोतंही असतं. आईचे गुडघे दुखतात. किती खाली जाऊ?

निळी_पोलो

दादा, मी पुण्यात ४० ची स्प्रिंग टाकली होती. दिसायला गाडी इतकी सुंदर झाली की पार्किंगमधून निघताना मी मागे वळून बघायचो. पण सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर, वर जिथे उतार संपून सपाट सुरू होतं, तिथे पोट घासायला लागलं. आधी नुसता खरखर आवाज. दोन महिन्यांत इंजिनखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे क्लिप तुटले. शॉकअप मूळचेच ठेवले होते, ते ११ हजार किलोमीटरमध्ये गळायला लागले. शेवटी सगळं काढून मूळ स्प्रिंग परत घातल्या. मजुरी दोनदा, अलाइनमेंट दोनदा.

तुम्ही ४० चा विचारसुद्धा करू नका.

हिरवा_कंदील

२५. डोळे झाकून. लक्ष ठेवून आहे धाग्यावर.

आजरा_घनसाळ

मी वेगळं सांगतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. पुढे ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी डांबरावर दोन चर पडतात आणि मधे उंचवटा राहतो. त्या उंचवट्यावर कार चालवताना मूळ उंचीलाही माझा श्वास अडकतो. कंपनीने विचार करूनच उंची ठरवली आहे. हात लावू नका.

उद्यमनगरी

भावा, मी गाड्यांचंच काम करतोय, वीस वर्षं झाली. आधी एक सांग, शॉकअप कधी बदललेस? ९२ हजारवर मूळचेच असतील तर ते कधीच संपलेत. घाटात गाडी कलते त्यातलं निम्मं कारण तेच असणार. वरचं माउंट, त्यातलं बेअरिंग, लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, स्टॅबिलायझरची लिंक, हे सगळं आधी बघ. मेलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग टाकलीस तर गाडी चेंडूसारखी उसळेल.

आणि कोणी म्हणालं की आहे त्याच स्प्रिंगचा दीड वेढा कापून देतो, पाचशे रुपयांत काम होईल, तर तिथून गाडी घेऊन निघ. कापलेल्या स्प्रिंगचं टोक वाटीत नीट बसत नाही. मोठ्या खड्ड्यात चाक खाली लोंबलं की ती सैल होते आणि जागा सोडते. गॅस कटरने कापली तर त्या जागेचं पाणीच उतरतं. माझ्याकडे अशी एक गाडी टोचन करून आली होती. स्प्रिंग टायरला लागून टायर फाटला होता. गाडीत लहान पोरं होती.

कोनमापक

मी सस्पेन्शनच्या क्षेत्रातच काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. "किती खाली" या प्रश्नाला दोन भिंती आहेत. एक रस्ता आणि पोट यांच्यातली, दुसरी शॉकअपच्या आतली. बहुतेक जण पहिलीच बघतात.

आधी रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याची त्रिज्या १७ मीटर. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर सुमारे २.४७ मीटर. दोन्ही चाकं अशा गतिरोधकावर असताना पोटाखालची फक्त ४५ मिमी जागा खर्च होते, कारण चाकंसुद्धा उंचवट्यावर चढलेली असतात. म्हणजे नियमाने बांधलेला गतिरोधक ४० मिमी खाली बसवलेली गाडीही सहज पार करते. अडचण गावाच्या वेशीवर लोकांनी रात्रीत ओतलेल्या गतिरोधकाची. तो चार फूट रुंद असतो, पूर्ण दोन चाकांच्या मधे मावतो, आणि त्याची उंची जितकी तितकी जागा पूर्ण जाते.

निळी_पोलो यांच्या उताराचंही तसंच. दर ७ फुटांना १ फूट चढणारा उतार एकदम सपाटीला मिळाला, तर त्या कोपऱ्यावर पोटाखालचे जवळपास ८८ मिमी जातात. बांधकाम करणाऱ्याने तो कोपरा थोडा गोलाकार केला असता तर हा त्रास झालाच नसता.

आता दुसरी भिंत. खड्ड्यात चाक वर जातं तेव्हा शॉकअपचा रॉड आत जातो आणि शेवटी रबराच्या बफरवर टेकतो. आत्ता समजा त्या सगळ्या हालचालीला ८० मिमी जागा आहे. तोच धक्का कमी जागेत जिरवायचा तर स्प्रिंग जागेच्या वर्गाच्या प्रमाणात कडक हवी. २० मिमी खाली गेलात तर जागा उरली ६०, कडकपणा हवा १.७८ पट. ४० मिमी गेलात तर जागा उरली निम्मी आणि कडकपणा हवा चौपट. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा साधारण पाव पटीनेच जास्त कडक असतात. उरलेला मार बफर खातो आणि बफर संपला की शॉकअपचं वरचं माउंट. निळी_पोलो, तुमचे शॉकअप ११ हजारात का गेले याचं उत्तर यातच असावं.

तिसरी गोष्ट, कारण "खाली गेली की घाटात चिकटून पळते" असं सगळे म्हणतात. गाडी आणि चालक मिळून ११८० किलो, गुरुत्वमध्य ५५० मिमी उंचीवर, दोन्ही बाजूंच्या चाकांतलं अंतर १.४६ मीटर असं धरलं, तर जोरात घेतलेल्या वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ३११ किलो भार सरकतो. २५ मिमी खाली गेलात तर तो २९७ होतो. फरक १४ किलोंचा. जो बदल जाणवतो तो उंचीचा कमी आणि कडक स्प्रिंग, ताजे शॉकअप यांचा जास्त. उलट मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (पोलोचं पुढचं सस्पेन्शन याच प्रकारचं) फार खाली गेलं की लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर झुकतात, ज्या केंद्राभोवती गाडी कलते ते केंद्र गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतं, आणि गाडीला कलायला मोठा दांडा मिळतो. ४० मिमीवर हा प्रकार नक्की सुरू झालेला असतो.

निळी_पोलो

ताई, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! माझ्या गाडीचा उजवा माउंटही फाटला होता, ते मी लिहायला विसरलो.

नेकारकाठ

मी मूळचा इचलकरंजीचा, सध्या श्टुटगार्टजवळ राहतो. एका मुद्द्याकडे कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही म्हणून लिहितोय.

३० मिमी कशापासून? भारतात विकलेली पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा उंच ठेवलेली होती, भारतातल्या रस्त्यांसाठी. इकडच्या कॅटलॉगमधला आकडा इकडच्या उंचीपासून मोजलेला असतो. स्प्रिंगला "मी ३० ने खाली करते" असं काही ठाऊक नसतं. तिची लांबी, तिचा कडकपणा आणि वरचं वजन यावरून गाडी एका ठरावीक उंचीवर जाऊन थांबते, एवढंच. इकडची ३० ची स्प्रिंग तुमच्या गाडीत बसवली तर गाडी ३० पेक्षा बरीच जास्त खाली येऊ शकते. म्हणून विक्रेत्याला "किती खाली जाईल" विचारू नका. "बसल्यावर हबच्या, म्हणजे चाकाच्या केंद्राच्या, मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत किती मिमी राहील" ते विचारा. तो आकडा देता येत नसेल तर ती स्प्रिंग भारतीय पोलोवर कोणी बसवून मोजलेलीच नाही.

आणखी एक. इकडे हे काम गपचूप होत नाही. प्रमाणपत्रासकट स्प्रिंग घ्यायची, बसवल्यावर तपासणी अधिकाऱ्याकडे गाडी न्यायची. तो टायर कुठे घासतो का, दिव्यांचा रोख बरोबर आहे का हे पाहतो आणि मग बदल गाडीच्या कागदांत नोंदला जातो. स्प्रिंग बनवणाऱ्या कंपन्या इकडच्याच: १९५१ पासूनची आयबाख फिनेनट्रोपला, एच अँड आर तिथून जवळच लेनेश्टाटला. स्प्रिंगसोबत असा कागद देणं ही इकडे रोजची गोष्ट आहे. आपल्याकडेही अशी सोय असती तर कितीतरी पोरं कापलेल्या स्प्रिंगवर फिरली नसती, असं मला मनापासून वाटतं.

कलम५२

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्प्रिंग बदलणं यात बसतं का यावर दोन मतं आहेत, कारण नोंदणीपत्रात गाडीची जमिनीपासूनची उंची लिहिलेली नसते. आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर दाव्यावरून वाद होण्यापेक्षा आज एक पत्र बरं.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यमनगरी दादांचं ऐकून आधी शॉकअप तपासले. पुढचा डावा कोरडा ठणठणीत पण मेलेला, उजवा गळतोय, लोअर आर्मचे मागचे बुश चिरलेत.

नेकारकाठ यांच्या पोस्टनंतर टेप घेऊन बसलो. माझ्या गाडीत पुढे हबच्या मध्यापासून कमानीपर्यंत ३७२ मिमी. मित्राची याच मॉडेलची गाडी जेमतेम १८ हजार चाललेली आहे, तिचे ३८१. टायर सारखेच, १८५/६० आर १५, आणि दोन्ही गाड्या त्याच्याच अंगणातल्या फरशीवर उभ्या करून मोजल्या. म्हणजे दहा वर्षांत माझ्या स्प्रिंग ९ मिमी बसल्या आहेत! मी ज्याला "मूळ उंची" समजत होतो ती मूळ उंची नाहीच.

कोनमापक ताई, ते ८० मिमी तुम्ही धरून चालला होता, ते माझ्या गाडीत कसं मोजायचं?

कोनमापक

शॉकअपवरचं रबरी बूट (आवरण) वर सरकवा आणि शॉकअपच्या रॉडला बुडाशी एक बारीक प्लास्टिकची पट्टी-गाठ, म्हणजे झिप-टाय, बांधा. नेहमीच्या रस्त्याने नेहमीच्या ओझ्याने फिरून या. रॉड जितका आत गेला तितकी ती पट्टी वर सरकलेली सापडेल. उभ्या गाडीत रॉड बफरपर्यंत किती मोकळा आहे तेही मोजा. बफर स्वतः दाबला जाऊन आणखी ३०–३५ मिमी देतो.

पोटाखालच्या अंतरासाठी थर्माकोल वापरा. सायलेन्सरच्या पाइपाच्या पातळीच्या खाली २०, ३० आणि ४० मिमी निघतील असे तुकडे कापून गाडीच्या खालच्या पत्र्याला चिकटवा. पाइपाला चिकटवू नका, तापून वितळेल. मग त्याच रस्त्याने जा. कोणता तुकडा शाबूत राहिला ते बघा. अंदाजापेक्षा हे फार खरं बोलतं.

आजरा_घनसाळ

ही थर्माकोलची युक्ती मला फार आवडली. मी हात लावू नका म्हणालो होतो, पण असं मोजून करणार असाल तर माझा विरोध नाही.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

शनिवारी जाऊन आलो. आई, बायको, मुलगी, डिकीत दोन बॅगा आणि येताना पोतं. सगळे बसल्यावर मधल्या भागात पाइपाखाली १४२ मिमी उरतात. एकटा असलो की १५८. म्हणजे ओझ्यानेच १६ मिमी जातात, हे आधी कधी लक्षातच आलं नव्हतं.

रस्त्यातला सगळ्यात वाईट गतिरोधक आमच्याच गावच्या शाळेसमोरचा. फूटपट्टी आणि दोरी लावून मोजला, ११० मिमी. शाळेची पोरं भोवती जमली होती, दोघांनी दोरी धरली. तो तिथे असायलाच हवा, पोरं रस्त्यावर धावत येतात. नियमाप्रमाणे रुंद बांधावा म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज देणार आहे.

थर्माकोल: ४० चा पार चुरा. ३० च्या बुडाला खरचटलंय, दोन रेघा. २० चा जसाच्या तसा.

झिप-टाय: उभ्या गाडीत बफरपर्यंत ४५ मिमी मोकळे, बफरचे ३५ धरले तर ताईंचे ८० बरोबर निघाले. फेरीत पट्टी ५८ मिमी सरकली होती. म्हणजे आजही मी बफरवर १३ मिमी टेकतोय.

यावरून मला वाटतं की आजच्या उंचीपासून २० मिमी, त्यापेक्षा एक मिलिमीटरही नाही. म्हणजे पुढे ३५२. चूक असेल तर सांगा.

उद्यमनगरी

बरोबर आहे भावा. आणि बघ गंमत, नव्या गाडीचे ३८१. त्यातून ३५२ गेले की २९. म्हणजे भारतीय पोलोसाठी मोजून केलेली "३०" वालीच तुझ्या कामाची, पण तुला मात्र ती वीसच मिमी खाली गेल्यासारखी दिसणार.

बसवताना एक गोष्ट मेकॅनिकला बजावून सांग. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चारही चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळायचे. नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. दहातले नऊ जण इथेच चुकतात आणि मग दोष स्प्रिंगला देतात.

शॉकअप कमी लांबीच्या स्ट्रोकचे घे. मूळचेच नवे टाकलेस तर स्प्रिंगवाल्याने बफर किती छोटा करायला सांगितलाय ते विचार, आपल्या मनाने कापायचा नाही.

निळी_पोलो

कॉइलओव्हर का नाही? उंची फिरवून हवी तशी ठेवता येईल.

उद्यमनगरी

येते की. पण आपल्या पावसात आणि चिखलात त्याची चुडी (आटे) दरवर्षी साफ करून ग्रीस लावावी लागते. नाही लावली तर रिंग गंजून एकाच जागी बसते. दोन वर्षांनी त्याची महागडी फिक्स स्प्रिंग होते. ज्याला रेसिंगला जायचंय त्याने घ्यावी.

कोनमापक

३५२ ला माझी संमती आहे. स्प्रिंग पाव पटीने जास्त कडक असली तर ओझ्याने जाणारे १६ मिमी १३ च्या आसपास येतील, ते ३ मिमी तुमच्या फायद्याचे. पण नव्या स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये तेवढ्याच बसतील, म्हणजे हिशेब बरोबरीत. अलाइनमेंट बसवल्यावर लगेच आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा करा. टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडलेला असेल तर टायर आतल्या कडेने झिजतात आणि बाहेरून काही दिसत नाही. आणि दिव्यांचा रोख रात्री भिंतीवर तपासा.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, दीड महिन्याने येतोय. आधी फक्त नवे शॉकअप, माउंट आणि बुश टाकून तीन आठवडे गाडी जुन्याच स्प्रिंगवर चालवली. मला खरंच जाणून घ्यायचं होतं की घाटातला त्रास कशामुळे होता. आंबोलीला जाऊन आलो. कलणं इतकं कमी झालं होतं की फक्त त्यासाठी स्प्रिंगची गरज उरली नव्हती. चार बोटांची जागा मात्र तशीच होती, आणि ती मला अजून खुपत होती. म्हणून विमा कंपनीला पत्र देऊन पोहोच घेतली, आरटीओत लेखी विचारलं, आणि मग स्प्रिंग टाकल्या. ज्या विक्रेत्याने हब ते कमान आकडा लिहून दिला त्याच्याकडूनच घेतल्या. दोघांनी दिला नाही.

बसवल्या दिवशी पुढे ३५५. ६०० किलोमीटरनंतर ३५२ आणि ३५१. आता दोन बोटं जातात. बाजूने पाहिलं की गाडी जमिनीवर उभी आहे असं वाटतं.

शाळेसमोरचा गतिरोधक चौघे बसून, सामानासकट, पहिल्या गिअरमध्ये सरळ पार केला. घासला नाही. परत येताना खाली उतरून टॉर्चने पाइप पाहिला, एकही नवी रेघ नाही. पण शहरातल्या तुटक्या पॅचवर गाडी आता कडक लागते, हे लपवत नाही. मुलगी मागे बसून वाचायची, आता तिचं वाचन गावात शिरल्यावर थांबतं.

आजरा_घनसाळ

आणि आईंचे गुडघे?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

बसताना काही वाटत नाही म्हणाली, उठताना थोडा जोर लागतो. दोन इंच जाडीची घट्ट उशी शिवून घेतली आहे, ती सीटवर ठेवतो. काल गारगोटीला स्वतःहून उतरली, माझा हात घेतला नाही.

हिरवा_कंदील

माझी ८५ हजार चाललेली आहे. उद्याच टेप घेऊन बसतो. थर्माकोल कशाने चिकटवला होता? माझा धुतलेल्या पत्र्यावरही टिकत नाहीये.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप, नंबर प्लेटला लावतात ती. आधी पत्रा थिनरने पुसून पूर्ण वाळू द्या, आणि थिनर थर्माकोलला लागू देऊ नका, विरघळतो. माझा पहिला तुकडा तसाच गेला.